माल्टाहून ॲफिलिएट मॅनेजरच्या नोकरीची ऑफर आली आहे. ऑनलाइन जुगाराच्या क्षेत्रातलं हे काम आतून कसं असतं?

पाऊलवाट
सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

मी पुण्यातल्या एका गेमिंग कंपनीत साडेचार वर्षं मार्केटिंगमध्ये होतो. ॲपवर नवे खेळाडू आणायचे आणि एका खेळाडूमागे किती खर्च पडला याचा हिशेब ठेवायचा, हे माझं काम. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि महिन्याभरात आमचा अख्खा मजला रिकामा झाला. तेव्हापासून फुटकळ कामं करतोय.

आता माल्टातल्या एका कंपनीकडून विचारणा आली आहे. पद ॲफिलिएट मार्केटिंग मॅनेजरचं, म्हणजे आपल्या लिंकवरून कंपनीकडे खेळाडू पाठवणाऱ्यांना (ॲफिलिएटांना) सांभाळायचं; काम ऑनलाइन कॅसिनो आणि स्पोर्ट्स बेटिंगचं. पगार माझ्या जुन्या पगाराच्या अडीच पट. घराचा हप्ता चालू आहे, मुलगी साडेतीन वर्षांची आहे. बायको म्हणते, जाऊन बघ. बाबा ‘जुगाराचा पैसा’ एवढंच बोलले आणि उठून गच्चीत गेले.

तिथे रोज नेमकं काय करावं लागतं? पुढे या अनुभवाला किंमत राहते का? कायद्याच्या बाजूने काय जपावं? आणि ज्यांनी हे काम केलं आहे त्यांना आतून कसं वाटतं? शेवटचा प्रश्न मी सगळ्यात मनापासून विचारतोय.

भाकरवडी
सोमवार, रात्री ९:३०

माल्टा ऐकून आमच्या सासूबाईंना त्या नावाची संत्री आठवली, म्हणाल्या, “संत्र्यांच्या धंद्यात चाललाय का कोणी?” त्यांना समजावून सांगितलं, तर म्हणतात, संत्र्यांचाच बरा होता.

बाकी जाणकारांच्या प्रतिसादांची वाट बघते. वाचनखूण साठवली आहे.

हायकोर्टनाका
सोमवार, रात्री १०:०५

कायद्यापुरतं लिहितो. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झालेल्या या कायद्यात पैशांचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड आहे. तुमच्यासाठी दुसरं कलम जास्त महत्त्वाचं: जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. परदेशातून चालवून भारतात दिल्या जाणाऱ्या सेवाही या कायद्याच्या कक्षेत येतात. म्हणजे ‘माझं टेबल माल्टात आहे’ हा बचाव समजू नका. भारतातल्या लोकांसाठी जाहिरात करून घेणं हेच तुमचं काम असेल, तर तुम्ही आणि तुमचे ॲफिलिएट दोघेही अडचणीत याल.

ऑफर लेटरवर सही करण्याआधी लेखी विचारा: माझ्याकडे कोणत्या देशांची बाजारपेठ असेल? कोणता ब्रँड, आणि त्याचा परवाना कोणत्या देशाचा? ऑफिस माल्टात आणि परवाना भलत्याच बेटाचा, असं या धंद्यात सर्रास चालतं.

सागरगोटी
सोमवार, रात्री ११:४८

मी २०१८ पासून माल्टात आहे. ग्झिराला राहते. सहा वर्षं हेच काम केलं, गेलं दीड वर्ष कंप्लायन्समध्ये, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या विभागात आहे. सविस्तर लिहिते, कारण मला येताना कोणी सांगितलं नव्हतं.

आधी हा देश. मुंबईहूनही लहान, लोकवस्ती साडेपाच लाखांच्या आसपास. २००४ मध्ये युरोपीय संघात आल्या आल्या ऑनलाइन जुगारासाठी नियम करणारा हा पहिला सदस्य देश. म्हणून स्लिमा, सेंट ज्युलियन्स, ग्झिरा या पट्ट्यात दर दुसऱ्या इमारतीत एखादी गेमिंग कंपनी. स्वीडिश, इटालियन, सर्ब, ब्राझिलियन, सगळे एका मजल्यावर. घरभाडं पगाराचा मोठा घास घेतं, हे पहिल्यांदा लक्षात घ्या. अडीच पट पगार हा भाडं जाऊन अडीच पट उरत नाही.

आता काम. ‘सर्वोत्तम दहा कॅसिनो’ अशा याद्या असणाऱ्या वेबसाइट्स, फुटबॉलचे अंदाज सांगणारे, कॅमेऱ्यासमोर स्लॉट खेळणारे स्ट्रीमर, टेलिग्रामवर टिप्स देणारे, हे सगळे ॲफिलिएट. त्यांच्या लिंकवरून माणूस आपल्या साइटवर आला, नोंदणी केली, पैसे भरले की तो त्यांच्या नावावर लागतो. असे लोक शोधणं, त्यांच्याशी दर ठरवणं, त्यांच्या यादीत आपल्याला वरची जागा मिळवून देणं, महिन्याचे पैसे काढणं आणि ते काय छापतात त्यावर नजर ठेवणं, हे मॅनेजरचं काम.

सकाळी आल्या आल्या रिपोर्ट. काल किती क्लिक, किती नोंदण्या, किती जणांनी पहिल्यांदा पैसे भरले. या शेवटच्या आकड्याला सगळे एफटीडी म्हणतात आणि तुमचं टार्गेट त्यावरच. मग दिवसभर चॅट. पूर्वी सगळा धंदा स्काइपवर चालायचा, मे २०२५ मध्ये ते बंद झालं, आता टेलिग्राम. समोरचा म्हणतो, तिसऱ्या नंबरवर टाकतो, महिन्याला इतके ठेव. तुम्ही घासाघीस करून पाचव्यावर तोडता. ‘सर्वोत्तम’ यादीतला क्रम असा ठरतो, हे वाचणाऱ्याला कळत नाही. जानेवारीत बार्सिलोनाचं मोठं प्रदर्शन, शिवाय वर्षभर इकडेतिकडे प्रवास. लोक ओळखीवर चालतात, त्यामुळे बोलका स्वभाव असेल तर पहिल्या वर्षी काम आवडतं. मला खूप आवडलं होतं.

पैसे द्यायच्या मुख्य पद्धती दोन. एक सीपीए, म्हणजे पैसे भरणाऱ्या प्रत्येक नव्या खेळाडूमागे ठरावीक रक्कम. दुसरी रेव्हशेअर, म्हणजे त्या खेळाडूकडून कंपनीला जे मिळेल त्यातला टक्का, बहुतेक वेळा तो खेळत असेल तोवर. मिश्रणही असतं.

रेव्हशेअरचं उदाहरण देते, कारण या कामाचा गाभा तिथे आहे. समजा, ब्रिटनमध्ये एका ॲफिलिएटचे खेळाडू महिन्यात मिळून ४०,००० पौंड हरले. त्यातून ८,००० चे बोनस वजा. खेळ पुरवणारे, प्लॅटफॉर्म, पेमेंट यांचे ६,००० वजा. सरकारी कर तेव्हा २१ टक्के, म्हणजे ८,४०० वजा. उरले १७,६००. त्यावर ३५ टक्क्यांनी ॲफिलिएटचे झाले ६,१६०. हे पत्रक मी दर महिन्याच्या पाच तारखेला काढायची.

बाकी उद्या लिहिते, सकाळी लवकर ऑफिस आहे.

ताळेबंद
मंगळवार, सकाळी ८:२०

सागरगोटी, उत्तम प्रतिसाद. तुमच्याच गणितात पुढे जातो. ब्रिटनच्या नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात हा रिमोट गेमिंग ड्यूटी नावाचा कर एप्रिल २०२६ पासून २१ वरून ४० टक्के करण्याचं जाहीर झालं. मग ४०,००० वर कर १६,०००. बोनस आणि इतर खर्च तेच धरले तर उरतात १०,०००, ॲफिलिएटला ३,५००. खेळाडू तितकेच हरले आणि ॲफिलिएटची कमाई ४३ टक्क्यांनी घसरली.

पाऊलवाट, म्हणजे ब्रिटनची बाजारपेठ मिळाली तर पहिल्या महिन्यापासून चिडलेल्या ॲफिलिएटांचे फोन तुम्हीच घेणार. आपल्याकडेही १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, तेव्हा तुमच्या कंपनीने काय काय केलं ते आठवा. कर वाढला की मार्केटिंगच्या खर्चावर कुऱ्हाड पडते आणि ‘तितकेच लोक कमी पैशांत आणा’ असं सांगितलं जातं.

पाऊलवाट
मंगळवार, सकाळी ९:०२

@ताळेबंद, अगदी असंच झालं होतं. बजेट निम्मं झालं आणि टार्गेट होतं तेवढंच राहिलं.

@सागरगोटी, तुम्ही रात्री जागून लिहिलंत, मनापासून आभार. उरलेलं जरूर लिहा.

काळाचौकी
मंगळवार, दुपारी १:१५

वडील गिरणीत होते, मी चाळीत वाढलो. आमच्या चाळीच्या तोंडाशी पानाच्या गादीशेजारी मटक्याचा पेन्सिलर बसायचा. कल्याणजी भगत, रतन खत्री ही नावं आमच्या घरात नातेवाइकांइतकी घेतली जायची. रात्री नऊचा ओपन, बाराचा क्लोज. गिरणी सुटली की लोक घरी जाण्याआधी त्याच्याकडे थांबत. तो छोट्या चिठ्ठीवर आकडा लिहून द्यायचा. गोड बोलायचा, घरची चौकशी करायचा, उधारीवरही आकडा घ्यायचा. जमलेल्या पैशांवर त्याला टक्के मिळत.

सागरगोटीताईंचं वाचून मला तोच आठवला. ॲफिलिएट म्हणजे पेन्सिलर, मॅनेजर म्हणजे पेन्सिलर सांभाळणारा. आई पगाराच्या दिवशी गिरणीच्या गेटवर जाऊन उभी राहायची, वडील त्या चौकातून एकटे जाऊ नयेत म्हणून. मला कडेवर घेऊन. म्हणून पाऊलवाट, तुमचे बाबा गच्चीत का गेले ते मला कळतं.

ताळेबंद
मंगळवार, दुपारी २:४०

काळाचौकी, तुमच्या आईंचं वाचून गलबललो. पण तुलनेत एक फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. तुमच्या पेन्सिलरला जमलेल्या पैशांवर टक्के होते. माणूस जिंको वा हरो, त्याचे पैसे तेवढेच. रेव्हशेअरवाल्याला हरलेल्या पैशांवर टक्के आहेत. लावणाऱ्याचा आकडा लागला तर पेन्सिलर पेढे मागायचा. हा तसं करू शकत नाही, कारण त्याच्या लिंकवरून आलेला माणूस मोठी रक्कम जिंकला तर याचाच महिना उणे होतो. तो उणे आकडा काही करारांत पुढच्या महिन्यात ओढला जातो, काहींत शून्यापासून सुरुवात होते. सागरगोटी, बरोबर ना?

व्यवहारी
मंगळवार, दुपारी ४:१०

मी वेगळं मत मांडतो. दारू, तंबाखू, लॉटरी हे सगळं कायद्याने विकलं जातं आणि तिथे नोकरी करणाऱ्याला आपण वाळीत टाकत नाही. ब्रिटन, स्वीडन, डेन्मार्कमध्ये प्रौढ माणसं परवानाधारक साइटवर खेळतात. तिथे वय तपासतात, स्वतःवर खेळबंदी घालून घ्यायची सोय आहे, ब्रिटनमध्ये २०२० पासून क्रेडिट कार्डाने जुगाराला बंदी आहे. २०२५ पासून ऑनलाइन स्लॉटवर एका वेळी ५ पौंडांपेक्षा जास्त लावता येत नाही, पंचविशीच्या आतल्यांना २ पौंड. हा खुला, नियमात बसवलेला धंदा आहे. तो बंद केला की माणूस खेळायचं थांबवत नाही, बेकायदा साइटवर जातो. तिथे ना मर्यादा, ना दाद.

परवाना असलेल्या साइटकडे माणसं वळवायची असतील तर कोणीतरी जाहिरात करणारच. ते काम नीट करणारा माणूस तिथे असणं बरं, की नसणं बरं? पाऊलवाट यांना हप्ता भरायचा आहे, मूल वाढवायचं आहे. मी म्हणेन, जा.

द्राक्षवेल
मंगळवार, रात्री ८:५५

मी नाशिक जिल्ह्यातला आहे, द्राक्षबाग आहे आमची. लिहू की नको, असा दिवसभर विचार करत होतो.

माझा धाकटा भाऊ, वय २६. गेल्या आयपीएलच्या आधी कोणीतरी त्याला एका टेलिग्राम चॅनेलमध्ये घेतलं. चॅनेलवाला रोज मॅचचा अंदाज द्यायचा. पहिले आठ-दहा दिवस फुकट. मग म्हणाला, माझ्या लिंकवरूनच आयडी घ्या, बोनस मिळेल. भावाने आयडी घेतला. सुरुवातीला जिंकला, बाराशे रुपये काढूनही मिळाले. मग हरायला लागला. हरला की चॅनेलवर मेसेज यायचा, “ज्यांचा लॉस झाला त्यांनी घाबरू नका, आज लॉस कव्हर करून देतो.” भाऊ त्याला सर म्हणायचा. जेवताना सांगायचा, सर म्हणाले आजची मॅच पक्की आहे.

औषधवाल्याचे पैसे द्यायला मी त्याच्या खात्यावर ठेवलेली रक्कम गेली, तेव्हा मला कळलं. आम्ही दोघं बसून फोनमधले यूपीआय बघत होतो. ५००, ५००, २०००, ५००. रात्री दोन वाजून चौदा मिनिटं, दोन वाजून सोळा, दोन वाजून एकोणीस. प्रत्येक वेळी पैसे घेणाऱ्याचं नाव वेगळं. कुठे किराणा स्टोअर, कुठे कोणा बाईचं नाव. एकूण ४ लाख १० हजार. त्यातले दीड लाख त्याने मित्रांकडून उचललेले. आता तो शेतात येतो, काम करतो, पण माझ्याशी नजर भिडवत नाही.

मला एकच विचारायचं आहे, सागरगोटीताई. तुमचं पत्रक वाचलं. म्हणजे ज्याला माझा भाऊ सर म्हणत होता, त्याला माझ्या भावाच्या हरण्यावर टक्के मिळत होते? “लॉस कव्हर करून देतो” म्हणणाऱ्यालाच?

भाकरवडी
मंगळवार, रात्री ९:२०

द्राक्षवेलदादा, भावाला जवळ घ्या. एवढंच सुचतंय.

सागरगोटी
मंगळवार, रात्री ११:३०

द्राक्षवेलदादा, तुम्हाला खरं उत्तर द्यायला हवं. तो रेव्हशेअरवर असेल तर हो. तुमच्या भावाच्या हरण्यातले टक्के त्याला मिळत असणार. सीपीएवर असेल तर भावाने पहिल्यांदा पैसे भरले तेव्हाच त्याची रक्कम त्याला मिळाली. पण तो हरल्यानंतरही भावाला रोज परत बोलावत होता. त्यावरून तो टक्क्यावर असावा असं मला वाटतं. दर वेळी वेगळ्या नावाने यूपीआय म्हणजे भाड्याने घेतलेली खाती. कोणताही परवानाधारक असे पैसे घेत नाही.

ताळेबंद, हो, बरोबर. कोणी मोठं जिंकलं की ॲफिलिएटचा फोन ठरलेला. “तो खेळाडू तपासा, काहीतरी गडबड आहे.” कोणी मोठं हरलं तर सहा वर्षांत मला असा एकही फोन आला नाही.

आता पाऊलवाट यांच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. मॅनेजरला खेळाडूचं नाव दिसत नाही, नंबर दिसतो. २०२२ च्या हिवाळ्यात माझ्या एका ॲफिलिएटची कमाई अचानक तिप्पट झाली. लहानशी साइट, नवरा-बायको चालवायचे, माणसं चांगली होती. मी उत्सुकतेने पत्रक उघडलं. साठ-सत्तर खेळाडू, सगळ्यांचे आकडे किरकोळ, आणि एका नंबरासमोर महिन्याचे ११,००० युरो. मागचे महिने काढले: ३००, ४५०, ९००, ४,०००, ११,०००. नंबरावर क्लिक केलं तर वेळ दिसते. पहाटे चार, पाच, परत सकाळी नऊ. पगाराच्या तारखेला मोठी रक्कम आणि मग दिवसभर वीस-वीस युरो.

मी तो नंबर सुरक्षित खेळाचं काम बघणाऱ्या टीमला कळवला. त्यांनी आठवड्याने खातं बंद केलं. पुढच्या महिन्यात ॲफिलिएटची कमाई खाली आली आणि त्या बाईंचा मला फोन आला, आमचा सगळ्यात चांगला खेळाडू कुठे गेला? त्या वाईट नव्हत्या. त्यांच्याही समोर नंबरच होता. माझ्या वरिष्ठांनी त्या तिमाहीत माझं टार्गेट चुकल्याची नोंद केली, बोनस गेला. त्याचं मला काही वाटलं नाही. मला लागलं ते हे की ४,००० च्या महिन्यात ते पत्रक मीच मंजूर केलं होतं आणि त्या ॲफिलिएटला अभिनंदनाचा मेसेजही मीच पाठवला होता. तो मेसेज अजून माझ्याकडे आहे.

व्यवहारी, तुमचं म्हणणं निम्मं मला पटतं. नियमाने फरक पडतो, मी रोज बघते. पण ‘नीट काम करणारा माणूस’ त्या खुर्चीत बसला तरी त्याचं टार्गेट एफटीडीचंच असतं.

व्यवहारी
बुधवार, सकाळी ७:४५

सागरगोटी, द्राक्षवेल, दोघांचं वाचून बराच वेळ गप्प बसलो. नियमाच्या बाजूने असलेलं मत माझं तेच आहे. पण ‘जा’ म्हणालो होतो, ते एवढ्या घाईने म्हणायला नको होतं.

डॅन्यूबकाठ
बुधवार, दुपारी १२:३०

व्हिएन्नाहून लिहितोय. इकडे ऑनलाइन कॅसिनोवर सरकारी मक्तेदारी आहे. माल्टाच्या परवान्यावर इथे धंदा करणाऱ्या कंपन्यांवर ऑस्ट्रियातल्या आणि जर्मनीतल्या खेळाडूंनी हरलेले पैसे परत मागणारे हजारो दावे लावले आणि इथली न्यायालयं खेळाडूंच्या बाजूने निकाल देतात. त्यावर माल्टाने २०२३ मध्ये आपल्या गेमिंग कायद्यात ५६अ हे कलम घातलं, की असे परदेशी निकाल आमच्याकडे लागू करणार नाही. जून २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने त्याबद्दल माल्टावर कारवाई सुरू केली. त्यामुळे माल्टाचा परवाना आहे म्हणजे सगळं स्वच्छ, असंही समजू नका.

ताळेबंद यांच्या मुद्द्यावर: जर्मनीतल्या राज्यांनी मिळून केलेल्या २०२१ च्या जुगारविषयक करारात ॲफिलिएट लिंकसाठी उलाढालीवर, भरलेल्या किंवा लावलेल्या रकमेवर बेतलेला मोबदला द्यायला बंदी आहे. ठरावीक रक्कम द्या, टक्का नाही. द्राक्षवेल यांनी जो प्रश्न विचारला, तो तिथल्या कायदा करणाऱ्यांनाही पडला असणार.

मांडवीकाठ
बुधवार, दुपारी ३:०५

पणजीतून. आमच्या मांडवीत कॅसिनोची जहाजं उभी आहेत. रात्री दिव्यांनी पाणी उजळतं, पर्यटक फोटो काढतात. आम्हा गोंयकारांना आत खेळायला मनाई आहे. सरकारलाच वाटतं की आपल्या माणसांनी हे खेळू नये, मग दुसऱ्यांच्या माणसांनी का खेळावं? माझा मावसभाऊ एका जहाजावर डीलर आहे. त्याच्यासमोर हरणारा माणूस बसलेला असतो, तो त्याचा चेहरा बघतो. कधीकधी म्हणतो, काका, आता पुरे. तुमच्या कामात चेहराच नाही.

भाकरवडी
बुधवार, दुपारी ३:२०

थोडं अवांतर: क्रिकेटच्या मॅचमध्ये ‘न्यूज’ किंवा ‘स्पोर्ट्स ब्लॉग’ अशा नावाने ज्या जाहिराती दिसायच्या, त्याही बेटिंगच्याच होत्या ना? माझा मुलगा दहावीत असताना मला विचारत होता, ही कुठली बातम्यांची कंपनी, आई?

हायकोर्टनाका
बुधवार, संध्याकाळी ५:५०

हो. त्याला सरोगेट जाहिरात म्हणतात. माहिती-प्रसारण मंत्रालयाने २०२२ मध्ये जून आणि ऑक्टोबर अशा दोनदा त्याविरुद्ध सूचना काढल्या होत्या. पुढे २०२५ च्या कायद्यानंतर ड्रीम ११ने पैशांच्या स्पर्धा बंद केल्या आणि भारतीय संघाच्या जर्सीवरून त्यांचं नाव गेलं.

द्राक्षवेल, तुमच्या भावाने गुन्हा केलेला नाही. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही हे वर लिहिलंच आहे, त्याला हे मुद्दाम सांगा. अनेक मुलं पोलिसांच्या भीतीने बोलत नाहीत. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा, यूपीआयचे सगळे व्यवहार क्रमांक, चॅनेलचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. महादेव या सट्ट्याच्या ॲपच्या प्रकरणात ईडीने सांगितलं होतं की दुबईतून ‘पॅनेल’, म्हणजे सट्टा चालवायच्या शाखा, वाटले जात आणि नफ्याची वाटणी ७०-३० होती. तुमच्या भावाचा ‘सर’ अशाच एखाद्या साखळीतली खालची कडी असू शकतो.

काळाचौकी
बुधवार, रात्री ८:००

भावाला नजर भिडवायला वेळ लागेल, द्राक्षवेल. माझ्या वडिलांना चार वर्षं लागली. आईने त्या काळात एक केलं, घरखर्चाचा डबा त्यांच्याकडेच ठेवायला दिला. सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. पहिल्या महिन्यात त्यातले वीस रुपये कमी होते, आई काही बोलली नाही. दुसऱ्या महिन्यापासून डबा पुरला.

द्राक्षवेल
बुधवार, रात्री ९:४०

काळाचौकीकाका, हे वाचून दाखवलं मी त्याला. ऐकून घेतलं, उठून गेला नाही. वकीलसाहेब, उद्या तक्रार करतो.

पाऊलवाट
शुक्रवार, रात्री १०:१५

तीन दिवस काही लिहिलं नाही, कारण हायकोर्टनाका यांनी सांगितलेले प्रश्न मी ईमेलवर पाठवले होते आणि उत्तराची वाट बघत होतो. आज फोन आला. रिक्रूटर म्हणाली, ऑफिस माल्टात, पण माझ्याकडे जो ब्रँड येणार त्याचा परवाना कॅरिबियनमधल्या क्युरासाव बेटाचा. बाजारपेठ भारत आणि बांगलादेश. “तुम्हाला हिंदी, मराठी येतं आणि भारतातले खेळाडू कसे आणायचे ते माहीत आहे, म्हणूनच तुमची निवड झाली.” मी विचारलं, ॲफिलिएट कोण? म्हणाली, मुख्यतः टेलिग्रामवरचे क्रिकेट चॅनेल. दर ४० टक्के रेव्हशेअर.

मी नाही म्हणालो. फोन ठेवल्यावर पाच मिनिटं हात थरथरत होते, कारण पुढच्या महिन्याचा हप्ता समोर दिसत होता. बायकोला सांगितलं, तिने द्राक्षवेल यांचा प्रतिसाद आधीच वाचला होता. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

एक कबूल करायचं आहे. साडेचार वर्षं ‘एका खेळाडूमागे खर्च’ हा आकडा मी रोज काढला. तो खेळाडू किती हरला ते दुसऱ्या टीमच्या पत्रकात असायचं. मला ते मागता आलं असतं. एकदाही मागितलं नाही.

सागरगोटी
शनिवार, सकाळी ११:००

पाऊलवाट, एक काम सुचवते, ‘नाही’ म्हणायचं असेल तर मोकळेपणाने म्हणा. आमच्या क्षेत्रात ॲफिलिएट कंप्लायन्स नावाचं वेगळं काम असतं. ब्रिटनच्या नियमात ॲफिलिएटने काहीही चुकीचं छापलं तर जबाबदारी परवानाधारक कंपनीवर येते. २०१७ मध्ये तिथल्या जाहिरात नियामकाने एक प्रकरण उचललं होतं. एका ॲफिलिएटने बातमीच्या वेषात जाहिरात केली होती की कर्जात बुडालेला, बायको आजारी असलेला माणूस ऑनलाइन कॅसिनोत जिंकला आणि त्याचं सगळं भलं झालं. ठपका त्या कंपन्यांवर आला. तेव्हापासून ॲफिलिएटांच्या साइट्स वाचून चुका पकडणारी माणसं ठेवतात. पगार मॅनेजरपेक्षा कमी, प्रवास नाही, बोनस जवळजवळ नाही. टार्गेट एफटीडीचं नाही.

आमच्याकडे एप्रिलमध्ये एक जागा निघेल, फक्त ब्रिटन आणि स्वीडनसाठी. मुलाखतीत दहा साइट्स देतात आणि दोन तासांत चुका काढायला सांगतात. १८ वर्षांची खूण आहे का, बोनसच्या अटी बोनसच्याच शेजारी आहेत की तळाशी लपवल्या आहेत, ‘हमखास’, ‘जोखीम नाही’ असे शब्द आहेत का, मुलांना आवडतील अशी चित्रं आहेत का, जुगार म्हणजे पैशांच्या अडचणीवरचा उपाय असं सुचवलंय का. तुम्ही पलीकडच्या बाजूला काम केलेलं आहे, तुम्हाला पटकन दिसेल.

ताळेबंद
शनिवार, दुपारी १२:१०

पाऊलवाट, हप्त्याची मुदत वाढवून घ्यायची असेल तर आधी बँकेत जा, हप्ता चुकल्यावर नको. फॉर्म भरायला मदत लागली तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी पुण्यातच आहे.

पाऊलवाट
रविवार, रात्री ११:२०

ताळेबंद, उद्या व्यनि करतो. सागरगोटी, मी अर्ज करणार. काल आणि आज मिळून सहा साइट्स वाचल्या, वहीत नोंदी केल्या आहेत. तिसऱ्या साइटवर ‘आजची खास ऑफर’ म्हणून जी दिली आहे तिच्या अटी उघडल्या तर मुदत दोन वर्षांपूर्वीच संपलेली. पाचवीवर १८ ची खूण आहे, पण पार्श्वभूमी करडी आणि अक्षरंही करडी. पानाचं प्रिंट काढलं, तेव्हा ती दिसलीच नाही. सहावीवर एक वाक्य आहे, “महिन्याअखेरीची ओढाताण विसरा.” हे बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, प्रिंट हातात घेतलं आणि पेनने त्या वाक्याखाली रेघ मारली.